बागेला रोज पाणी घालणारे

पडद्यावर कमाईच्या तीन रेषा होत्या आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

पहिली रेष एकदाच विकत घ्यायच्या गेमची. बाजारात आला की भसकन वर, मग घसरगुंडी. चार दिवस सासूचे. दुसरी, दरवर्षी तोच खेळ नवे कपडे घालून परत विकणाऱ्यांची. करवतीच्या दातांसारखी, वर खाली वर खाली. तिसरी फुकट गेमची. आधी जमिनीला चिकटलेली, कोणी ढुंकून बघत नाही. मग जी चढते ती उतरायचं नावच घेत नाही. गेम फुकट, पण आतली टोपी विकत. तलवारीचा रंग विकत. काल आला नाहीस म्हणून जे गेलं, ते परत मिळणं विकत. आवळा देऊन कोहळा काढायचा, तोही रोज एक एक फोड, म्हणजे देणाऱ्याला कळत नाही.

आमचा गेम म्हणजे एक बाग. तिघांनी केलेली. मालक, मी आणि ठिपका. ठिपका आमची चित्रकार, एकेक पान ठिपके मांडून काढते म्हणून ठिपका. मी कोडिंग व्हिडिओ बघून शिकलो, कुठल्याच मास्तरापुढे बसलो नाही, म्हणून मला मास्तर म्हणतात. बाग एकदाच विकायची असं ठरलं होतं. मग मालकाने ती तिसरी रेष बघितली.

झालं. मी बाग फुकटवाली केली. एक दिवस पाणी नाही घातलं की झाड सुकणार. परत हिरवं हवं तर पैसे.

आता आमच्यात एक पद्धत आहे. नवीन काही केलं की आधी घरच्यांच्या फोनवर टाकायचं. बाहेर हसं होण्यापेक्षा घरात झालेलं बरं. माझी आई, ठिपकाचे भाऊ, मालकाची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि ते ज्यांना ज्यांना पाठवतील ते सगळे. फुकट गेम चालतो कशावर, तर लोक परत येतात की नाही यावर. आणि आमचे लोक रोज येत होते. त्यांच्या परत येण्याची रेष मी मोठ्या फुकट गेमच्या तशाच रेषेवर ठेवली तर आमची वर. मालक खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरला. दुपारी शेवटचं ठरवू म्हणाला. म्हणजे त्याने आणि वहिनींनी घरासाठी साठवलेलं सगळं बागेच्या जाहिरातीत. चुकलं तर घरही नाही आणि ऑफिसही नाही.

मी जेवायला घरी गेलो. आई शिवणकाम करते. दारातून बघतो तर एक बाई शिवून झालेला ब्लाउज अंगावर घालून दोन्ही हात पसरून उभ्या, खांद्यावर टेप लोंबतोय, आणि आई कोपऱ्यात फोनवर.

"अगं, त्या ताटकळल्यात."

"थांब, गुलाबाला घालते. काल विसरतच होते. आठवलं तेव्हा जीव नुसता खालीवर."

"एवढा आवडला?"

"कोण?"

"गेम."

आईने चष्म्यावरून बघितलं. "मला झाडांची आवड असती तर खिडकीत एखादी कुंडी नसती का दिसली?"

"मग रोज उघडतेस कशाला?"

"तूच म्हणालास, लोक परत आले नाहीत तर सगळं बंद. उद्या तुझी नोकरी गेली तर? माझ्या बोटाला काय होतंय."

"मी पण घालते हो पाणी," हात पसरलेल्या बाई म्हणाल्या. "तुझ्या आईने बजावलंय, ब्लाउज वेळेवर हवा तर बाग हिरवी ठेवायची. हात खाली घेऊ का?"

मी जेवलो नाही. तसाच मागे फिरलो. रस्त्यात दोनदा थांबलो, दोनदा चालायला लागलो.

ठिपकाला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या भावांना मी दमच दिलाय."

"दम?"

"पाणी घातलं नाही तर चार्जर लपवून ठेवते."

खरं सांगतो, गप्प बसावं असं वाटलं. बाग फुकटवाली झाली तर मला वर्षभराचं काम. एकदाच विकायची तर पुढे काय, देव जाणे. मी पाणी प्यायलो. परत प्यायलो. मालक आत आला, बाही सरसावत म्हणाला, "हं मास्तर, दाखवा."

मी तिन्ही रेषा दाखवल्या. मग आमची. मग म्हणालो, "ही खोटी आहे."

"हिशेब चुकला?"

"हिशेब बरोबर आहे. माणसं आपली आहेत." आणि आईचं सांगितलं, ब्लाउजसकट. ठिपकाने चार्जरचं सांगितलं.

तो हसला. "तुझी आई तशी. आमची बायको खरंच खेळते. सकाळी डोळे उघडले की आधी बाग." फोन लावून त्याने टेबलावर ठेवला. "काय गं, तू बाग रोज का उघडतेस?"

"काय झालं? आज घातलंय मी."

"का घालतेस, ते विचारतोय."

वहिनी म्हणाल्या, "खरं सांगू? झाड सुकलं की तुला कळतं. मग तुझं तोंड बघवत नाही. दुसरं काय. आणि ते गुलाब आहेत की कोबी?"

ठिपका खाली बघत होती. मालकाने फोन ठेवला. खिडकीपाशी गेला, परत आला. पडद्यावरची आमची रेष पुसून टाकली.

"एकदाच विकू," म्हणाला. "चालली तर चालली. ऑफिस सोडू, ठिपकाच्या घरून काम करू. तिथे चार्जर तरी मिळेल का बघा."

संध्याकाळी मी सुकणं काढून टाकलं. थोड्याच ओळी होत्या. नवीन आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर गेली तसा आईचा फोन.

"झाडं आता सुकत नाहीत म्हणे?"

"नाही."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. वाटलं तर उघड."

"बरं. ठेव मग, गळा कापायचाय." म्हणजे ब्लाउजचा.

सकाळी उठलो आणि चहाच्या आधी कोण कोण आलं ते बघितलं. ठिपकाचे भाऊ नाहीत. वहिनी नाहीत. आई पलीकडे मशीन चालवत होती, फोन कपड्यांच्या ढिगाखाली.

मी चहा घेतला. परत बघितलं.

मग कोणीतरी आलं. त्या हात पसरलेल्या बाई. त्यांचा ब्लाउज तर कालच देऊन झाला होता.