यामानाशीचा पाहुणचार

"डोंगर म्हणे डोंगर! आमच्या खेडला काय सपाट मैदान आहे? आणि डोंगर बघायला जायचं ते दारूच्या गावात?"

इसहाक भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होता. दाराआड तांदूळ निवडत बसलेल्या शरफुन्निसाला शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि तिला ऐकू जावं म्हणूनच तो इतका हळू पुटपुटतोय, हेही तिला कळत होतं. नवऱ्याचं ओरडणं बायकोपर्यंत पोचत नाही, पुटपुटणं बरोबर पोचतं.

कॅलेंडर अमेमियासाहेबांनी दिलेलं. सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लँटवर जपानी पंप बसवायला आलेले हे इंजिनियर, आणि इसहाक त्यांच्या हाताखालचा फोरमन. साहेबांचं गाव यामानाशी भागात. चित्रात बर्फाची टोपी घातलेला फुजी आणि त्याच्यासमोर उतारभर मांडवच मांडव, त्यांना लोंबणारी जांभळी द्राक्षं. "समोर फुजी, मागे द्राक्षं, मध्ये माझं घर," साहेबांनी हातवारे करून सांगितलं होतं. "घरची वाइन. तू यायचं!" मग डिसेंबरात साहेब परत गेले. घरी काम निघालं म्हणाले. प्लँटवरच्या एकूण एक जपान्याच्या घरी त्याच आठवड्यात काम निघालं होतं.

पण माणूस शब्दाचा पक्का. पंपाच्या ट्रेनिंगसाठी इसहाकला त्यांनी खरंच बोलावणं पाठवलं, तिकीट आलं, पासपोर्टवर देशाबाहेर जाऊन परत यायच्या व्हिसाचा शिक्काही बसला. परवाचं विमान. शरफुन्निसा आणि लेक सुहाना यांचे पासपोर्ट मात्र इकाम्यासाठी, म्हणजे राहायच्या परवान्यासाठी, कफीलच्या, त्यांच्या हमीदार मालकाच्या ऑफिसात अडकले होते. तिथला माणूस रोज गोड हसून 'बुक्रा' म्हणायचा. बुक्रा म्हणजे उद्या, एवढं अरबी तिला कधीच पाठ झालं होतं.

कोकणात तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नाव घेतलं की येतो. कॉलनीत हल्ली तसंच चाललं होतं. ऑगस्टात शेजारच्या कुवेतवर रणगाडे चढले ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण आता पुढे काय होणार, तो शब्द कुणी काढत नव्हतं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लागल्या, तर म्हणे धूळ फार येते. ऑफिसनं तोंडाला लावायचे रबरी गॅस-मास्क वाटले, तर शेजारची विद्या म्हणाली, "बरं झालं बाई, मिरच्या कुटताना होईल." इसहाकची दाढी त्या मास्कमध्ये मावेना. "दाढी काढा नाहीतर जपानला जा," शरफुन्निसा म्हणाली, आणि दोघंही गरजेपेक्षा जास्त हसले.

आता ती तांदळाचं सूप घेऊनच बाहेर आली.

"द्राक्षं हलाल आहेत."

"द्राक्षं आहेत गं. पण त्यांचा तिथं रस होत नाही, दुसरंच काहीतरी होतं."

"म्हणून काय बघायची पण नाहीत? साहेबानं पेला पुढे केला तर नको म्हणायचं. तोंड आहे ना?"

"पाहुणा म्हणून गेल्यावर नको म्हणणं जमतं का?"

"शिकवते," शरफुन्निसा म्हणाली.

असरची नमाज झाल्यावर विद्या आणि तिचा नवरा गोपीनाथ आले. गोपीनाथ चिपळूणचा, प्लँटवर इलेक्ट्रिशियन, आणि नाटकाची हौस दांडगी. विद्याची शाल अंगाभोवती गुंडाळून, कमरेला टॉवेल बांधून तो अमेमियासाहेब झाला. शरफुन्निसानं चांगल्या पेल्यात गडद जांभळं व्हिम्टो सरबत ओतलं. गोपीनाथ कमरेत इतका वाकला की उठताना विद्याला हात द्यावा लागला.

"इसहाकसान, घ्या."

"नको, नको साहेब."

"वा!" विद्या म्हणाली. "जमलं!"

"थोडी तरी. आमच्या डोंगरातली."

"खरंच नको. आत्ताच चहा झाला."

"बायकोनं स्वतःच्या हातानं केलीय. तिला काय वाटेल?"

इसहाकनं पेल्याकडे बघितलं, गोपीनाथकडे बघितलं. "एवढा आग्रह आहे तर... अर्धाच हां," म्हणाला आणि गटागटा पिऊन टाकलं.

"झालं! बुडाला इसहाकभायांचा धर्म, तोही अर्ध्या पेल्यात!" विद्या हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. आतून अभ्यास करणारी सुहाना ओरडली, "पप्पा, आप फेल हो गये!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन वेळा तो खांबासारखा ताठ राहायचा, तिसऱ्या आग्रहाला हात आपोआप पुढे. त्याचा तरी काय दोष? पहिलं नको रीतीचं, दुसरं नको मानाचं, आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं तर घरधनी रुसतो, ही शिकवण त्याच्या हाडात मुरलेली. व्हिम्टोची बाटली संपली, पण इसहाक सुधारला नाही.

"तिथं कुणी तीनदा विचारू नये, एवढीच दुवा करा," गोपीनाथ शाल सोडत म्हणाला.

जाताना विद्यानं साहेबांच्या बायकोसाठी कोकमाची सोलं ठेवली. बॅचलर कॅम्पातल्या सिराजुद्दीननं सकाळीच खजुराचा डबा पाठवला होता. त्याचा दापोलीचा भाचा बोटीवर खलाशी होता. जपानच्या कुठल्यातरी बंदराला लागला असेल, दिसला तर द्या, असा निरोप. जाणाऱ्याच्या बॅगेत सामान द्यायचं म्हणजे द्यायचं, मग तो मुंबईला जावो की चंद्रावर.

दार लागलं. लांबून विमानांची घरघर आली. दोघांनी ऐकली नाही असं दाखवलं. शरफुन्निसा बॅग भरायला बसली.

"बघितलंस ना? मला नको म्हणता येत नाही. मी नाहीच जात," इसहाक म्हणाला.

"जा."

"तिथं थंडी किती. मला सोसायची नाही."

"स्वेटर घातलाय आत. जा."

"आणि तुम्ही दोघी इथं..." तो थांबला. "म्हणजे, भाजी कोण आणणार?"

"गोपीनाथभाऊ आणतील. जाच तुम्ही."

इसहाकनं दाढीवरून हात फिरवला. "बरं," तो म्हणाला. "एवढं म्हणतेस तर जातो."

शरफुन्निसाचा हात खजुराच्या डब्यावर तसाच राहिला. तिला तो जायलाच हवा होता. विमानात बसेल, डोंगर बघेल, त्या साहेबाच्या घरी उबेत झोपेल, या विचारावर तर ती हा महिना तरली होती. तरीही तो जातो म्हणाला, आणि तिनं बॅगेतला स्वेटर उगाच बाहेर काढून त्याची पुन्हा घडी घातली. त्याच्या तोंडून ते सवयीनं निघालं की मनातून, तिला कळेना. विचारायचं धाडसही होईना.

तिनं झाकण ओढलं. सोलं, खजूर, दोन स्वेटर, लोणच्याची बरणी, बॅग काही मिटेना. ती वर चढून बसली. इसहाकनं वाकून दोन्ही कड्या लावल्या.

"लागल्या. ऊठ आता."

ती उठली नाही.

"शरफू, ऊठ ना. सोलं चेपतील."

"चेपू देत."

"अगं, झालं काय? मला द्राक्षं बघायला पाठवायची हौस तुलाच होती ना?"

"मेली ती द्राक्षं!" ती इतक्या जोरात म्हणाली की आत सुहानाचं पाठांतर थांबलं. मग तिचा आवाज खाली आला. "लढाई होणार आहे. आणि पहिला बाँब या प्लँटवरच पडणार, हे मलाही कळतं, तुम्हालाही कळतं. आम्हाला निघता येत नाही, निदान तुम्ही तरी वाचावं म्हणून जा म्हणत होते. तिन्ही वेळा खरंच म्हणत होते. पण मला भीती वाटते हो. जाऊ नका."