शलमोन पारख्यांची साक्ष

सात रस्त्याजवळच्या चर्चमध्ये शलमोन पारखे दर ऑगस्टात साक्ष द्यायचे. बावीस वर्षांपूर्वी त्यांची जीप उजनीच्या पाण्यात गेली आणि प्रभूने देवदूत पाठवून त्यांना काठावर आणलं. ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

यंदा साक्ष देऊन ते बाकावर येऊन बसले, तर नातीने हळूच विचारलं, “आजोबा, देवदूत कसा दिसत होता?”

शलमोनांना सगळं आठवत होतं. देवदूताच्या तोंडाला बिडीचा वास होता. तो बिरप्पा नावाचा मेंढपाळ होता आणि त्यांना फुटक्या काचेतून ओढताना त्याचा हात कोपरापर्यंत फाटला होता. ‘बरा झालो की येतो,’ असं सांगून शलमोन दवाखान्यात गेले, ते परत फिरकलेच नाहीत. साक्षीतून बिरप्पा कधी गळाला, ते त्यांनाही कळलं नाही. छे, चांगलं कळलं होतं! मेंढपाळापेक्षा देवदूत सांगायला बरा वाटायचा.

प्रभुभोजनाचा प्याला पुढे आला, पण त्यांनी तो न घेताच शेजाऱ्याकडे दिला. तसेच उठून त्यांनी उजनीकडची एसटी धरली.

काठावरच्या वस्तीत म्हातारा बिरप्पा शेळ्यांजवळ बसला होता. ओळख सांगितल्यावर त्याने त्यांना दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

“जित्तं हाय की वो तुमी! लई बरं झालं.” मग तोच ओशाळला. “येतो म्हनला आन् आला न्हाई. आमी समजलो, दवाखान्यातच गेला. दर म्हाळाला माज्या मेलेल्या बाच्या पानाशेजारी तुमचंबी पान वाढतोय मी.”