केळीखालचं नाव

एक्क्याण्णव सालची गोष्ट. रावेरचा मुख्तार पेंटर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर अख्खी केळ रंगवायचा, पार कंदापासून घडापर्यंत. बघत राहावं अशी. आमच्या शाळेत केळीचा तक्ताच नव्हता आणि पुस्तकातलं चित्र नखाएवढं. केळीच्या मुलखात ही तऱ्हा! मी ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला आणि थेट त्याच्यासमोर उभी राहिले.

"मुख्तारभाई, तुमची केळ शाळेसाठी उतरवून घेऊ का?"

त्याचा ब्रश हवेतच थांबला. "बाई, हे चित्र अख्ख्या तालुक्यानं उतरवलं. विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्या. खुशाल घ्या, पाहिजे तितक्यांदा काढा. फक्त खाली माझं नाव राहू द्या."

मी तसंच केलं. कंद, खोड, पान, केळफूल, घड असे भाग बाणांनी दाखवले आणि तळाशी लिहिलं, 'मुख्तार पेंटर, रावेर'.

सहामाही परीक्षेत प्रश्न आला: केळीचे झाड काढून भागांना नावे द्या. चाळीसपैकी एकोणचाळीस मुलांनी कंदाच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुख्तार पेंटर'. काहींनी तर त्याला बाणही काढला.

पेपर बघून हेडमास्तर भडकले. "हा काय केळीचा भाग आहे का? मार्क कापा!"

डोकं माझंही काही थंड नाही. मी मार्क कापला, पण एकाचाच. ज्यानं नाव गाळलं होतं, त्याचा.