टांझानियात गाजलेलं रडणं

नायक खेमसिंग हंसाबाईच्या ओट्यावर बसला होता आणि चहा पीत नव्हता. चहावर साय धरली होती. तांड्याचा नायक कोणाच्या ओट्यावर स्वतः चालत येतो तो एकतर मयत झाल्यावर, नाहीतर निवडणूक लागल्यावर. आज दोन्ही नव्हतं, त्यामुळे समोरच्या घरातल्या बायका दाराआड उभ्या राहून तिसरं कारण शोधत होत्या.

"बादलचा फोन आलता मले," नायक म्हणाला.

"मले बी आलता," हंसाबाई म्हणाली. बादल तिचाच मुलगा. ती सुपात तूर पाखडत होती आणि थांबली नाही.

"आफ्रिकेची बाई येऊन राह्यली म्हणते. तुयं गाणं ऐकाले."

"म्हणते खरं."

"तं समाजमंदिरात मंडप टाकू, माईक लावू. तहसीलदारसाहेब बी येतो म्हणते. तू आपलं एक गाणं म्हणून दे."

हंसाबाईनं सूप खाली ठेवलं. "नायक, ते गाणं नाही, ढावलो हाय. नवरी कुठं हाय?"

नायकानं कप उचलला, पाहिला आणि पुन्हा ठेवला.

ढावलो म्हणजे बंजारा नवरीचं रडणं. सासरी निघताना ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडते, पण सुरात रडते, शब्दांत रडते, आणि कोणाच्या गळ्यात पडून कोणती ओळ म्हणायची हे ठरलेलं असतं. हे आपोआप येत नाही. लग्नाआधी एखादी जाणती बाई नवरीला जवळ बसवून शिकवते आणि लग्नाच्या दिवशी तिच्या पाठीशी बसून सूर धरते. बोरी अरबच्या अलीकडच्या मोहा तांड्यावर ती बाई म्हणजे हंसाबाई. दिवसा कापूस वेचायचा, संध्याकाळी पोरींना रडायला शिकवायचं. बाकीच्या जिल्ह्याला, कर्जाच्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत, रडायला शिकवावं लागत नव्हतं.

या कामाला पगार नव्हता. एक ओढणी मिळे आणि नवरीच्या डाव्या हाताची जागा मिळे. विधवा, भूमिहीन आणि एका डोळ्यानं कमी दिसणाऱ्या बाईला त्या जागेपलीकडे तांड्यात दुसरी जागा नव्हती. आणि ती तिनं एका कॅसेटपायी घालवली होती.

कॅसेट काढली यवतमाळच्या राजदीपनं. त्याचं दुकान पुढून कॅसेटचं आणि मागून स्टुडिओचं होतं. मागच्या खोलीला गाद्या ठोकल्या होत्या. त्याची भीमगीतं चौदा एप्रिलला हातोहात खपत. एका वर्षी त्याला वाटलं की होळीला बंजाऱ्यांसाठीही काही काढावं, म्हणून त्यानं हंसाबाईला बोलावून होळीची नाचाची गाणी गाऊन घेतली. दुपारपर्यंत गाणी संपली, पण कॅसेटची दुसरी बाजू काही भरेना.

"मावशी, थोडी पट्टी उरली," राजदीप म्हणाला. "कोरी सोडली तं गिऱ्हाईक म्हणते, कॅसेट बिघडेल हाय. काही बी म्हणा."

हंसाबाईला काही बी म्हणता येत नव्हतं. तिला ढावलो येत होता, तो तिनं म्हटला. राजदीपच्या कीबोर्डवर नाचाचा ठेका लावलेला होता. तो बदलायचा त्याला कंटाळा आला. अशा रीतीनं, एका माणसाच्या आळसातून आणि उरलेल्या पट्टीतून, जगात कुठंच नव्हतं असं एक गाणं तयार झालं.

होळीला ती कॅसेट तांड्यावर वाजली. पहिली बाजू उत्तम गेली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी ढावलो सुरू झाला तेव्हा पोरं ठेक्यावर नाचत राहिली, आणि बायका जागच्या जागी थांबल्या. नायकाच्या मुलीचं लग्न आदल्याच उन्हाळ्यात झालेलं. त्याची बायको धनीबाई पदर तोंडात धरून मटकन खाली बसली, आणि तिच्या भोवती दहा-बारा पोरं कंबर हलवत होती. नायकानं टेप बंद केला.

"होळीले रडणं, अन् रडण्यावर नाच," तो म्हणाला. "हंसाबाई यापुढं कोण्या नवरीजवळ बसणार नाही."

कॅसेट खपली नाही. राजदीपनं उरलेल्या कॅसेटी दुकानाच्या हलणाऱ्या काउंटरखाली टेकू म्हणून लावल्या, आणि काउंटर हलायचं थांबलं. गाण्याचा आमच्या जिल्ह्यात झालेला उपयोग एवढाच.

त्या सुमाराला कापसाची सरकी काढणारी जिनिंगही एकामागून एक बंद पडत होती. बादल जिनिंगच्या मशीनवर फिटर. मशीन विकणाऱ्या एका कंपनीनं त्याला टांझानियात पाठवलं, शिन्यांगा नावाच्या कापूसपट्ट्यात. सोबत त्यानं पाना, मिरचीचं तिखट आणि आईची कॅसेट नेली. मशीन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी भोंग्यावर लावायला तिथल्या लोकांकडे काही नव्हतं. बादलनं कॅसेट दिली, ती उलटी घातली गेली आणि नेमका ढावलो लागला.

पुढं काय झालं ते हंसाबाईला शेजारच्या घरी आलेल्या बादलच्या फोनवर कळलं.

"याडी, तुया गाण्यावर इथं लोक नाचून राह्यले!"

"कोणाच्या पोरीचं लगन हाय?"

"कोणाचंच नाही. बसमधी वाजून राह्यलं."

"बसमधी कायले?" हंसाबाई म्हणाली, आणि फोन कट झाला.

मग ते रेडिओवर वाजलं, हॉटेलांत वाजलं, एका गवयानं त्यावर स्वतःचा आवाज चढवून नवं काढलं, आणि शेवटी ते लग्नांत गेलं. बाकी सगळं चुकलं होतं, पण गाणं फिरत फिरत स्वतःहून लग्नात पोचलं होतं. तिथं गाणारणीला सगळे मामा हांसा म्हणू लागले. मामा म्हणजे त्यांच्यात आई. बादलनं हे घरी सांगितलं. हंसाबाईनं तांड्यात सांगितलं नाही. सांगून करायचं काय? कापूस इथं कमी भावात जाई, त्याचं कापड होऊन परत महाग येई, तेही लोकांनी तांड्यात फार बोलून दाखवलं नव्हतं.

आणि आता, २००८ साली, नेमा नावाची बाई येत होती. शिन्यांगाच्या त्या जिनिंगची मालकीण. नेरच्या बंद पडलेल्या एका जिनिंगची मशीनं विकत घ्यायला आली होती आणि म्हणत होती की मामा हांसाला ऐकल्याशिवाय विमानात बसणार नाही.

"सोनूचं लगन परवा हाय," हंसाबाई म्हणाली. "तुमच्या नातीजवळ मले बसू द्या. बाई तिथंच ऐकंल."

"सोनूच्या लग्नात डीजे हाय."

"मंग बाईले डीजे ऐकवा. तिच्या देशात नसंल बिचारीच्या."

नायक उठला. जाताना त्यानं चपला उलट्या पायांत घातल्या आणि तशाच नेल्या.

संध्याकाळी धनीबाई सोनूला हाताला धरून घेऊन आली.

"नायक काय म्हणते?" हंसाबाईनं विचारलं.

"नायक जेवून राह्यले. पोरगी माही बी नात हाय." धनीबाई खाली बसली. "त्या होळीले मी रडली, हंसा. त्याइले वाटलं मले दुखलं. अवो, पोरीच्या लग्नात पाहुणे सांभाळता सांभाळता मले रडाले सवडच नोती भेटली. त्या दिवशी भेटली."

"हे तवाच सांगतलं असतं तं?"

"नायकाले?" धनीबाई म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

सोनूनं दारव्ह्याला डी. एड. केलं होतं. तिच्या मते रडणं हा अभ्यासक्रमाबाहेरचा भाग होता. "काकी, मले रडू येतच नाही. पोरगा पुण्यात कंपनीत हाय. मले तं जाचंच हाय."

"येत नाही म्हणूनच शिकवून राह्यली. येत असतं तं मी कायले लागली असती?"

पहिली ओळ आईच्या गळ्यात: याडी, उद्या सकाळी माझी घागर रिकामी दिसेल, तिच्यावर रागावू नकोस. दुसरी बापाच्या किंवा आज्याच्या गळ्यात: बाजारात गाय देताना तू तीनदा वळून पाहिलंस, मला देताना एकदा तरी पाहा. सोनू दुसऱ्या ओळीला फस्सकन हसली. "आजोबा कायचे वळून पाहते! ते तं मंडपवाल्याशी भांडत असतीन."

"हास," हंसाबाई म्हणाली. "सगळं आजच हासून घे. पण सूर उतरवू नको. हासताना बी वर ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोनूला सूर सापडला. रडू सापडलं नव्हतं. हंसाबाई म्हणाली, ते मंडपात असते.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार येत. मंत्री येत, समित्या येत, कॅमेरेवाले येत. सगळे रडणं ऐकायला येत आणि ऐकून झाल्यावर जेवून जात. त्यामुळे लग्नाच्या मंडपाबाहेर बादलच्या जीपमधून पिवळ्याधमक झग्यातली धिप्पाड नेमा उतरली, तेव्हा तांड्यानं सवयीनं चेहरे पाडले. तिनं उतरल्या उतरल्या खो खो हसून सगळ्यांशी हात मिळवले. तांड्याची पंचाईत झाली. पाडलेले चेहरे लगेच उचलताही येईनात.

निघायची वेळ झाली. धनीबाईनं डीजे बंद करायला लावला, आणि तहसीलदारांशेजारी बसलेल्या नायकानं तिकडे पाहिलंच नाही. सोनू आईच्या गळ्यात पडली, डाव्या हाताला हंसाबाई बसली आणि तिनं सूर लावला.

नेमा किंचाळली. आनंदानं. अर्ध्या आफ्रिकेत ऐकलेला आवाज समोर जिवंत बसला होता. तिनं दोन्ही हात वर केले आणि ती नाचू लागली. चांगली नाचत होती, हेही सांगायला पाहिजे. ठेका नव्हता, तो ती पायानं देत होती.

मंडप गार पडला. सोनूच्या तोंडून हसू फुटलं आणि ढावलो तुटला. नायक उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी होळी होती.

"बादल, बसव तिले!"

हंसाबाईनं सोनूचा हात सोडला नाही. पण तिची नजर आपल्या जागेकडे, सतरंजीच्या त्या कोपऱ्याकडे गेली. दुसऱ्यांदा जाणार होती ती जागा.

बादलनं नेमाजवळ जाऊन तिच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. नेमाचे हात हळूहळू खाली आले. तिनं काहीतरी विचारलं. बादल म्हणाला, "विचारते, आम्ही ज्या ओळीले हात वर करतो, तिचा अर्थ काय?"

"कोणती?" धनीबाईनं विचारलं.

"गायीवाली."

"मंग सांग ना."

बादलनं सांगितलं. नेमा सतरंजीवर बसली. मग बोलली ते बादलनं थांबत थांबत मराठीत आणलं. "म्हणते, माह्या लग्नात हेच वाजलं. सगळ्यात जास्त माही आई नाचली. मंग घरात जाऊन दार लावून बसली. मले वाटलं, दमली."

मंडपातल्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागला नाही.

"तिले सांग," हंसाबाई म्हणाली, "नाचली तं काही बिघडलं नाही. इथं रडाले माणसं कमी नाही. नाचणारीच येत नोती कोणी." मग सोनूकडे वळून, जणू मध्ये काही झालंच नव्हतं अशा आवाजात: "चाल. पहिल्यापासून."

सोनूनं पहिली ओळ म्हटली. मग ती उभ्या असलेल्या आज्याच्या गळ्यात पडली. गायीच्या ओळीला सूर वर ठेवायचा होता. तो तिनं ठेवला, आणि वर गेल्यावर तो फाटला. शिकवलेलं नव्हतं ते तिला सापडलं होतं. नायक खेमसिंगनं मंडपवाला, तहसीलदार, जेवणाची पंगत अशा सगळ्या दिशांना एकदा पाहिलं. कुठंच काही अडलेलं नव्हतं. मग त्याच्या दाढीतून पाणी ठिबकायला लागलं, आणि पन्नास वर्षांच्या नायकीत पहिल्यांदाच त्याला रुमाल कुठं ठेवलाय ते आठवेना.

सोनू जीपकडे निघाली. ढावलो संपला असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात नेमा उठली. ती हंसाबाईपुढं गुडघ्यांवर बसली, तिच्या गळ्यात हात टाकले आणि गाऊ लागली. एकाही शब्दाचा अर्थ माहीत नसताना तिला सगळं पाठ होतं. घागर पाठ होती, गाय पाठ होती. मोठ्या, जाड, भरलेल्या आवाजात शिन्यांगाची मालकीण मोहा तांड्यात सासरी निघाली होती. पलीकडे दोन मायलेकी एकमेकींना कोपर मारत होत्या. फाल्गुनात त्यांच्याकडे लग्न होतं आणि आताच सांगून ठेवावं का, असं त्यांचं चाललं होतं.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी हंसाबाईनं नेमाच्या पाठीवर थाप मारली.

"नाही. खाली आली. बादल, तिले सांग, सूर वर ठेवाचा. पुन्हा म्हण म्हणा."

नेमानं डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केलं. बाहेर वरपक्षाच्या जीपवाल्यानं उशीर होतो म्हणून हॉर्न वाजवला, मग आणखी एकदा लांब वाजवला.

"बंद कर रे ते!" नायक मंडपाच्या दारातून ओरडला. "बाईचं चुकलं हाय. पुन्हा म्हणून राह्यली."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.