लबाडाच्या सुरातली मागणी

इटलीतल्या आमच्या गावच्या बँडात बाई गात नाही, फ्लिकोर्नो गातो. म्हणजे रोकीना गाते. ऑपेरातलं बाईचं गाणं ती त्या छोट्या पितळी वाद्यातून असं काढते की भल्याभल्या गायिकांनी तोंडात बोटं घालावीत. पुरुषाचं गाणं बोंबार्दिनोचं. ते पितळी धूड ओरोंझो सुतार छातीशी धरून बसतो. आणि ह्या दोघांच्या मधे क्लॅरिनेट घेऊन मी. सगळी भांडणं माझ्याच कानावरून जातात.

ऑपेरातलं ते जुनं द्वंद्वगीत तुम्हाला ठाऊक असेलच. उमराव दुसऱ्याच्या नवरीला म्हणतो, हात दे, चल माझ्या हवेलीवर. ती हो-नाही करत विरघळते. त्या चालीवर जगाने काय काय रचलं, मग आमचे पाल्मिझानो मास्तर मागे कसे राहतील? त्यांनीही ती आमच्या बँडसाठी नटवली. एकदा नाचरी, एकदा रडवी, एकदा लष्करी.

रोकीनाला मागणी घालायला ओरोंझोने नेमकी हीच चाल निवडली. तिच्या खिडकीखाली उभं राहून. दरवर्षी!

"अरे गधड्या," ती सरावातच कडाडली, "तो उमराव एक नंबरचा लबाड! हात धरतो आणि पळतो. पुन्हा त्या सुरात मागणी घातलीस तर याद राख! आणि उत्सव झाला की मी चालले तोरिनोला, बहिणीकडे. कायमची."

ओरोंझोचं तोंड एवढंसं झालं. मला खरंच वाईट वाटलं. माणूस सोन्यासारखा, अक्कल तेवढी रंध्याखाली गेलेली.

संताच्या उत्सवाची संध्याकाळ. दिव्यांनी मढलेल्या मंडपात आम्ही, समोरच्या मंडपात शेजारच्या गावचा बँड, आमची फजिती बघायला टपलेला. मास्तरांनी छडी उचलली. तेच द्वंद्वगीत, सुरुवात पुरुषाची. ओरोंझोने बोंबार्दिनो मांडीवर ठेवून दिला.

"वाजव की!" मी कुजबुजले.

"नाही. तिने बजावलंय."

"अरे, ते खिडकीखाली! इथे नाही!"

"मागणी ती मागणी. लबाडाच्या तोंडून परत नाही घालणार."

मास्तर घामाघूम. समोर खिदळणं सुरू. कुणीतरी ओरडलं, "नवरदेव पळाला वाटतं!"

ते रोकीनाला झोंबलं. आमच्या बँडाला कुणी हसलेलं तिला खपत नाही. तिने फ्लिकोर्नो ओठाला लावला आणि उमरावाची चाल स्वतःच सुरू केली. हात दे, चल! भर चौकात, ओरोंझोकडे बघत. आधी रागाने, पण दुसऱ्या ओळीला राग गळून पडला, ते शेजारी बसून मला स्वच्छ ऐकू आलं.

आता उत्तर बाईचं. ते कोण देणार? ओरोंझोने बोंबार्दिनो उचलला. इतकी वर्षं ऐकून त्याला ते पाठच होतं. आणि हा बाबा लाजायला लागला हो! जाऊ की नको, मन होतंय, भीती वाटतेय. नाचऱ्या चालीत लाजला, रडव्या चालीत लाजला, लष्करी चालीतसुद्धा लाजला. चौकातल्या बायका हसून हसून डोळे पुसत होत्या.

शेवटी रोकीनाने तोंडचं वाद्य काढलं. "किती आढेवेढे रे! हो म्हण की मेल्या!"

त्याने जो हो वाजवला, सूर फाटकाच, पण एवढा मोठा की घंटाघरावरची कबुतरं उडाली.

"पुन्हा! पुन्हा!" चौक ओरडला. पुन्हा म्हटलं की सगळं पहिल्यापासून वाजवायचं, ही आमची रीत. मास्तरांनी छडी उचलली. रोकीनाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पुन्हा कशाला, मास्तर? त्याने हो म्हटलंय. परत विचारलं तर हा मेला परत लाजायला बसेल!"