आठ विटा

“बाबा, मान वर!”

“गप रव गे, श्रुती,” बाबा पुटपुटले, पण मान वर घेतली.

घाटकोपरला भटवाडीतल्या त्या दागिन्यांच्या कारखान्यात सहा कारागीर भिंतीला लागून जमिनीवर बसतात. पुढ्यात गुडघ्याएवढं टेबल. माझे बाबा, दशरथ, तिथे सव्वीस वर्षं वाकून दागिन्यांत खडे बसवतायत. त्यांची पाठ पाहिली की मला आमच्या गल्लीतला वाकलेला विजेचा खांब आठवायचा आणि मी हसायचे. हो, चक्क हसायचे.

मग गेल्या महिन्यात लाख तापवायच्या दिव्याच्या ज्योतीवर त्यांचं बोट भाजलं, आणि ते त्यांना वासावरून कळलं. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही बधिर. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबलीय, वाकणं बंद. बाबांनी तो कागद घडी करून खिशात टाकला आणि परत वाकले. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी बसवलेले दोन खडे निखळले. काल संध्याकाळी चंद्रप्रकाशशेठनी त्यांच्यासमोर एक अंगठी ठेवली होती. “हा पाचू नीट बसला तर बस, दशरथ. नाहीतर सोमवारपासून नको येऊस.”

म्हणून मी शाळेतून थेट इथे! वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाला घाबरत नाही. जिन्याखालच्या आठ विटा उचलून आणल्या आणि टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन सरकवल्या.

“काय गं, गणपती बसवतेस काय?” शेजारी बसलेले कुंडलिककाका.

“थांबा, तुम्हालाही बसवते!”

सगळे खो-खो हसले. तेवढ्यात दारात शेठ.

“ए पोरी, माझ्या कारखान्यात कसलं बांधकाम काढलंस?”

“शेठ, काम वर आलं की माणसाला खाली जावं लागत नाही ना! आजच्या दिवस बघा तरी.”

शेठनी घड्याळाकडे पाहिलं. “बघतो.”

आणि काय सांगू, झकास! टेबल बाबांच्या छातीशी आलं. पाठ भिंतीला टेकली, कोपरं टेबलावर. बाबा एवढे उंच आहेत हे मला माहीतच नव्हतं. मनात म्हटलं, जिंकलो यार.

पाचूवर सोन्याची चार टोकं दाबायची होती. एक बसलं. दुसरं. तिसरं. मी मोजत होते.

चौथ्याला टक् झालं. एवढंसंच.

पाचूला आरपार चीर गेली होती.

“मी किती दाबतंय,” बाबा शेठना नाही, मला म्हणाले, “ता माकाच कळूक नाय.”

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंगठी उचलली आणि आत गेले.

“विटा काढू?” मी विचारलं. माझा तो बक्षीसवाला आवाज कुठे गेला कोण जाणे.

“रवांदेत.”

बाबांनी आपली हत्यारं एकेक पुसून फडक्यात गुंडाळली. मग उठले. “कुंडलिका, हय बस.”

“दशरथदा, ती तुझी जागा...”

“बस म्हणतंय ना.”

कुंडलिककाका बसले, आणि सवयीने वाकलेच. बाबांनी डावा तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने त्यांची हनुवटी धरून हळूच उचलली.

“मान वर.”

काकांची दाढी तीन दिवसांची होती. बाबांना ती टोचली नसणार.