गौराबाईंच्या पोटातली फौज

"फौज निघाली! कान द्या, फौज निघाली!"

वालूरच्या बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाचशे माणसं मांडी घालून बसली होती, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. ओट्यावर सतरंजी टाकून गौराबाईंना निजवलं होतं. फौजवाल्या बाबांनी त्यांच्या पोटावर माईक टेकवला होता आणि दोन्ही भोंग्यांमधून त्यांच्या पोटातला आवाज बाहेर येत होता. आधी खोल गुडगुड, मग काही तरी घरंगळत गेल्यासारखा गडगडाट, मग एकदम शांतता. भर दुपार होती, तरी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

"वीरभद्राची पल्टन हाय ही!" बाबा गरजले. "पयली तुकडी, जठराच्या दरवाजावर! दुसरी तुकडी, दाहिने मुड! दुश्मनला घेरा!"

बाबा पूर्वी होमगार्डमध्ये होते म्हणे. कवायतीचे हुकूम तिथलेच असावेत, फक्त आता समोर पल्टन नव्हती. बायका हात जोडून बसल्या होत्या. कुणी तरी हुंदका दिला. बाबांच्या मागे खांबावर एक चौकट टांगली होती, तिला झेंडूचा हार. चौकटीत देव नव्हता, एक टाइप केलेला कागद होता. त्या कागदाखाली माझी सही होती.

मी डॉ. उत्तरा, परभणीतल्या एका लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे पेशंटची नव्हे, पेशंटच्या तुकड्यांची डॉक्टर. दुर्बिणीतून काढलेला तुकडा माझ्याकडे येतो, त्याचा पातळ काप काचेवर घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि काय दिसलं ते लिहिते. गौराबाईंच्या जठराचा तुकडा माझ्याकडे दोनदा आला. पहिला जुलैमध्ये. त्या दिवशी काचांचा ढीग होता; मी घाईत एकच ओळ लिहिली, जठराचा कॅन्सर. त्यांचे यजमान ईश्वरअप्पा, वालूरचे कापड दुकानदार. ते ऑपरेशनच्या नावानं घाबरले, आणि श्रावणात गावात हे बाबा उगवले. त्यांचा अंगारा महिनाभर खाऊन झाल्यावर मुलगा राजशेखर वडिलांशी भांडून आईला दुसऱ्या सर्जनकडे घेऊन गेला. सर्जनांनी नवा तुकडा पाठवला. या वेळी मी सवडीनं बघितलं आणि शेवटी एक जास्तीची ओळ लिहिली: गाठीच्या आत आणि भोवती लढाऊ पेशींची दाट गर्दी आहे, अशा रुग्णांचं भवितव्य तुलनेनं बरं असतं.

ओळ खरी होती. काही गाठींभोवती आपल्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी येऊन जमतात. ज्यांच्या गाठीत त्या दाट, त्यांचं पुढचं साधारणपणे बरं जातं. साधारणपणे, आणि तेही गाठ वेळेत काढली तर. हे दुसरं वाक्य मी लिहिलं नाही. डॉक्टरांना ते माहीतच असतं ना, मग कशाला लिहायचं? अप्पांच्या हातून कागद डॉक्टरांच्या आधी बाबांकडे गेला. जुन्या कागदात फौज नाही, नव्यात आहे. मधल्या महिन्यात काय घडलं? बाबा घडले! मिरवणूक निघाली, चौकट झाली आणि गौराबाईंनी सर्जनांना कळवून टाकलं की आता चिरफाड नको, फौज जिंकायलीय.

हे मला समजलं ते पूर्णेच्या बायनाबाईंमुळे. त्यांचे यजमान दत्तराव रेल्वेत कामाला होते. त्यांचाही तुकडा मीच तपासला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण कुणी तरी त्यांना वालूरची चौकट दाखवली. दत्तरावांनी तारीख सोडून बाबांचा अंगारा धरला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते गेले. बायनाबाई एकट्या माझ्या लॅबमध्ये आल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, फौज येती म्हणून तुमीच लिव्हलंय म्हणं. मंग माज्या मालकाच्या पोटात कामून न्हाई आली? बाबा म्हणले, तुजा उपास मोडला आसंल. बाई, म्या एक बी सोमवार मोडला न्हाई हो."

त्या गेल्यावर मी दत्तरावांची काच पुन्हा काढून बघितली. गाठीभोवती मैदान रिकामं. इथे एक पेशी, तिथे एक. त्यानंतर कितीतरी दिवस कुणाचीही काच लावली की मला आधी तेच रिकामं मैदान दिसायचं आणि मागे कुणी तरी पदर सावरत उभं आहे असं वाटून मी वळून बघायची. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण आपल्या हातून अर्धवट राहिलेलं वाक्य माणसाला झपाटू शकतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

म्हणून मी सूक्ष्मदर्शक गाडीत घातला, काचांची पेटी आणि लॅबचं रजिस्टर घेतलं आणि वालूरला आले. सर्जनांनी बजावलं होतं, गाठ अजून निघण्यासारखी आहे; आणखी दोन महिन्यांनी असेलच असं नाही.

"बाबा," मी ओट्याशी जाऊन म्हटलं, "तो माईक जरा माझ्या पोटाला लावा की."

"तुमाला काय दुकणं हाय, ताई?"

"काहीच नाही. सकाळी पोहे खाल्लेत आणि तुम्ही आत येणाऱ्या प्रत्येकाला जे सोड्याचं तीर्थ देता, ते प्यालेय."

लोक हसले. बाबांना नाही म्हणता येईना. माईक टेकला आणि भोंग्यातून माझी पल्टन निघाली, गौराबाईंपेक्षा जोरात. मागे एक म्हातारी पोट धरून हसायला लागली. "आगं माय, हिच्यात तर तोफा बी हायत्या!"

पण बाबा मुरलेले होते. "आवाज सोडा," त्यांनी चौकटीकडे बोट केलं. "हा कागद बी खोटा का? डाक्टरनं लिव्हलाय!"

"त्याच डॉक्टरनं. मीच ती. आणि कागद खरा आहे."

मी टेबल मागवलं, सूक्ष्मदर्शक ठेवला, त्याच्या नळीवर मोबाइल बसवला आणि ईश्वरअप्पांना जवळ बोलावलं. "अप्पा, ही सप्टेंबरची काच. हे जांभळे ठिपके दिसतात, ज्वारी सांडल्यासारखे? हीच ती फौज."

"लय हायत," अप्पा हळूच म्हणाले.

"आता ही दुसरी. काचेवरचा नंबर वाचा, रजिस्टरमध्ये तोच नंबर बघा. तारीख काय?"

"बारा जुलै."

"शेजारी सही कुणाची?"

"माझी," राजशेखर पुढे आला. "तुकडा म्याच आणून दिला होता."

"आता मोबाइलवर बघा."

अप्पा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "तितकेच हायत. तसेच."

"बाबा वालूरला कधी आले?"

"श्रावणात. दुसऱ्या सोमवारी."

हे उत्तर अप्पांनी मला दिलं नाही, स्वतःलाच दिलं. फौज बाबांच्या आधी महिनाभर तिथे होती. घाईत मी ती लिहिली नव्हती, एवढाच सगळा चमत्कार.

"आशीर्वादाला तारीक नसती!" बाबांनी हात वर केला. "आमी मागून आलो, आशीर्वाद म्होरं धाडला होता!"

"मग दत्तरावांना का नाही धाडला?"

"त्याची श्रद्धा कच्ची होती."

गौराबाई उठून बसल्या. "कोन दत्तराव?"

मी सांगितलं. पूर्णा, चौकट, सोडलेली तारीख, बायनाबाईंचे सोमवार. गौराबाईंनी पदर सारखा केला. "माज्या कागदापायी गेले म्हना की."

"तुमच्या नाही, माझ्या. मी अर्धंच लिहिलं. ती फौज तुमचीच आहे, गौराबाई. कुणी पाठवलेली नाही. ती लढतेय, म्हणून तुम्हाला संधी आहे. पण गाठ जागची हललेली नाही. ती सर्जनलाच काढावी लागेल."

बाबा काही बोलायला गेले. गौराबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या ईश्वरअप्पांना म्हणाल्या, "आवो, रोज सकाळी म्या इष्टलिंग तळहातावर घिऊन पूजा करते. मी आन् माजा शिव. मधी कोनी लागत न्हाई, आसं माज्या सासूनं शिकवलंय. मंग ह्या मानसाला माज्या पोटात कामून घुसू दिलं मी?" आणि त्यांनीच ओट्यावरून उतरून चौकट काढली, हारासकट राजशेखरच्या हातात दिली. "गाडी काढ. तारीक घिऊन येऊ."

दहा दिवसांनी त्यांचं ऑपरेशन झालं. काढलेलं जठर तपासायला माझ्याकडेच आलं. कडा स्वच्छ होत्या, म्हणजे गाठ पुरती निघाली होती. आसपासच्या दोन लसिकाग्रंथींत मात्र रोग पोचला होता. जुलैमध्ये तो तिथे होता का, मला माहीत नाही. आता केमो चालू आहे. त्या बऱ्या होतील अशी आशा धरायला जागा आहे, याहून जास्त मी सांगणार नाही. जास्त सांगायला बाबा आहेत. ते सध्या जिंतूरकडे असतात म्हणे.

मी पूर्णेलाही जाऊन आले. बायनाबाईंना सांगितलं, तुमचा एकही सोमवार चुकला नव्हता, तुमच्या हातून काहीच मोडलं नाही. कुणाच्या गाठीत या पेशी दाट असतात, कुणाच्या विरळ. त्याचा उपासाशी संबंध नाही. पण तारीख पाळली असती तर दत्तरावांना झुंजायला वेळ मिळाला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हे कागदावर कामून न्हाई लिव्हलं, बाई?"

आता मात्र आमच्या लॅबच्या अशा प्रत्येक अहवालाच्या तळाशी मराठीत, ठळक अक्षरांत छापलेलं असतं: "या पेशी तुमच्या स्वतःच्या शरीरातल्या आहेत. त्या कुणी पाठवलेल्या नाहीत. त्या असोत वा नसोत, उपचाराची तारीख चुकवू नका. समजलं नाही तर आम्हाला विचारा, बाबांना नको."